दाजींची लाल चिठ्ठी

१२ जानेवारी, रविवार

नवनाथ विमान घेतोय.

माझा मेहुणा नवनाथ. चांदवडचा कांद्याचा व्यापारी. अजूनही चहा बशीत ओतून फुर्र करून पितो. तो विमान घेतोय. जुनं, एका इंजिनाचं, नऊ माणसं बसतील असं टर्बोप्रॉप. मीनाने सकाळी पोहे वाढता वाढता सांगितलं, भावाने मिक्सर घेतल्यासारखं.

"टर्बोप्रॉप म्हणजे काय, हे तरी ठाऊक आहे का तुझ्या भावाला?" मी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे ना! म्हणून तर तो तुम्हाला विचारायला येणारे," ती म्हणाली.

आलंच म्हणजे. मी उभी हयात ओझरला विमानाच्या कारखान्यात काढली. सीनियर इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. माझ्या हाताखालून कुठला भाग सहजासहजी पास होत नसे. खोट असेल तर मी त्याला लाल चिठ्ठी बांधायचो. एकदा बांधली की ती ज्याने बांधली त्यानेच सोडायची, साहेबालासुद्धा हात लावायचा हक्क नाही, असा आमच्याकडे रिवाज. त्या चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे. आणि आता ही विद्या मी कांदेवाल्याच्या हौसेसाठी वापरायची! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नवनाथ तिळगूळ घेऊन आला. नेहमीप्रमाणे दारातच वाकून पाया पडला आणि नेहमीप्रमाणे सोफ्याच्या कडेवर बसला.

"दाजी, ते विमानाचे लायसनवाले इंजिनेर तपासणारच हायेत. पण त्यांच्या कागदावर माझा भरवसा नाय. तुम्ही हो म्हणाले तर घ्यायचं. तुम्ही नाय म्हणाले तर इषय संपला."

"आणि घेऊन करणार काय? कांद्याच्या गोण्या उडवणार?"

"एका चार्टर कंपनीला चालवायला देणार. त्यांच्याशी बोलणं झालंय माझं." मग उगाच मीनाकडे बघून हसला. मीनाही हसली. भावाबहिणीचं असलं हसणं मला लग्नापासून कळलेलं नाही. त्यात कळण्यासारखं काही असेल असंही वाटत नाही.

या सासरवाडीत एक गंमत आहे, माझं कुणी खोडून काढत नाही. एकदा मी सहज म्हणालो होतो, विहीर पलीकडच्या बांधाजवळ घ्या. घेतली. कोरडी लागली. तर सासूबाई चांगुणाबाई सगळ्या गावाला सांगत सुटल्या, "जावयाचा सल्ला बराबरच व्हता, पानीच करंटं निघालं." स्वतःची अक्कल नसली की माणसं दुसऱ्याची अशी डोक्यावर घेतात. मला त्यांची कीव येते.

१९ जानेवारी, रविवार

आमची लेक सृष्टी दिल्लीला गेलीय. मैत्रिणीचं लग्न म्हणे, आठवडाभर. थंडीत दिल्लीला कोण लग्न करतं? आणि लग्नाला जाताना बॅगेत साडी एकही नाही, पण ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं विटेएवढं पुस्तक आहे. विचारलं तर म्हणाली, "वाचायला घेतलंय, पप्पा." कादंबरी असणार.

या पोरीचं मला काही कळत नाही. पायलटचं लायसन काढलं, कर्ज मी स्वतः काढून दिलं. तेव्हा नवनाथ मध्ये पडत होता, "भाचीचं मी बघतो." मी ठणकावलं, सासरवाडीच्या जिवावर माझी मुलगी उडणार नाही. लग्नात मी अंगठीसुद्धा घेतली नव्हती. आता लायसन घेऊन तीन वर्षं घरात बसलीय. सगळ्या कंपन्या एकच विचारतात, टर्बाइनवर किती तास उडवलंय? नोकरीशिवाय तास नाहीत आणि तासांशिवाय नोकरी नाही. पायलट होऊ बघणाऱ्या मुलांना क्लासमध्ये शिकवते, स्वतः जमिनीवर. मी तिला म्हटलं होतं, बँकेची परीक्षा दे. बापाचं ऐकलं असतं तर आज एसीत बसली असती.

मी स्वतः आजवर विमानात बसलेलो नाही. लोकांना नवल वाटतं. हलवायाला जिलेबीचं कसलं आलंय कौतुक?

२५ जानेवारी, शनिवार

आज ओझरला हँगरमध्ये विमान बघितलं. गाडी चालवायला म्हणून सृष्टीला सोबत नेलं, कालच दिल्लीहून आलीय.

नवनाथ जुना ट्रॅक्टर बघावा तसा विमानाभोवती फिरला. उकिडवा बसून खाली तेल गळतंय का बघितलं. टायरला लाथ मारली. बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी एक थाप विमानाच्या पोटावर मारली, आणि एजंटला विचारलं, "ॲव्हरेज काय देतं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एजंट अश्विन नावाचा, टोकदार बूट घातलेला मुंबईकडचा पोरगा. त्याने गालातल्या गालात हसत काहीतरी आकडा सांगितला. नवनाथने समाधानाने मान डोलावली. गाढवाला गुळाची चव!

मी माझं काम सुरू केलं. टॉर्च, आरसा, भिंग. पॅनल उघडायला लावली. पंखा बोटांनी चाचपला, कड सरळ. इंजिनात नळीचा कॅमेरा घालून आतली पाती बघितली, कुठे चीर नाही. जुने कागद सगळे जागेवर. चीड येईल इतकं स्वच्छ विमान. कुण्या नीटनेटक्या माणसाने जीव लावून वापरलेलं.

केबिनच्या तळाखाली, सीटच्या रुळाशी, गंजाचा एक डाग सापडला. अंगठ्याच्या नखाएवढा, वरवरचा. घासायचा, जाडी मोजायची, प्राइमर मारायचा. सकाळी काम सुरू केलं तर जेवणाआधी संपेल.

मागे वळून बघतो तर सृष्टी कॉकपिटमध्ये जाऊन बसलेली. बोटं एकेका बटणावरून अशी फिरत होती की शोधायला लागतच नव्हतं. आजकालच्या पोरांना मोबाइलमुळे सवय असते. "उतर, कशाला हात लावू नकोस, आपलं नाहीये ते," मी ओरडलो. ती उतरली. नवनाथ तिकडे बघून पुन्हा तसाच हसला. हा माणूस विनाकारण हसतो.

उद्या झेंडावंदन, सगळं बंद. परवा शेवटचं सांगायचं.

२७ जानेवारी, सोमवार

आज लाल चिठ्ठी बांधली.

खरं तर हो म्हणायचं ठरवूनच गेलो होतो. वाईट विमान घेण्याइतकं या माणसाचं नशीब मेलं वाईटही नाही! म्हटलं, डाग साफ करून घे आणि घे, एवढं सांगू. पण नवनाथ आज मोठी माणसं घेऊन आला होता. चार्टर कंपनीचे दोघे, अश्विन, अश्विनचा मालक. सगळे उभे. आणि नवनाथ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो काय,

"हे आमचे दाजी. विमानाच्या फॅक्टरीत मेकॅनिक व्हते. लय हुशार."

मेकॅनिक.

अश्विन म्हणाला, "अरे वा, अंकल! हँड्स-ऑन एक्सपीरियन्स!" आणि चार्टरवाल्यांतल्या एकाने मला स्टुलाकडे बोट दाखवलं, बसा म्हणून. स्वतः ते खुर्च्यांवर बसले.

माझ्या सहीशिवाय एक विमान हलत नव्हतं. आणि हा, ज्याला ॲव्हरेज विचारताना लाज वाटली नाही, हा मला मेकॅनिक म्हणतो, चार लोकांत!

मी खिशातून चिठ्ठी काढली, दाराच्या हँडलला दोऱ्याने बांधली, गाठ मारली.

"तळाखाली गंज आहे. सांगाड्यात. घेऊ नकोस."

अश्विन पुढे आला. "अंकल, तो सरफेसवरचा आहे. आमच्या इंजिनियरच्या रिपोर्टमध्ये..."

"मी मेकॅनिक आहे, अश्विनराव. मला एवढंच कळतं," मी म्हणालो.

सगळे नवनाथकडे बघत होते. नवनाथ चिठ्ठीकडे बघत होता. त्याचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

जेवताना सृष्टी म्हणाली, "पप्पा, तो डाग मीपण बघितला. घासून प्राइमर मारला तर होत नाही का?"

"सगळंच घासून जात नसतं, बाई."

"पण खोली मोजलीत तुम्ही?"

"तू उडवायला शिकलीयेस, तपासायला नाही."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग "बरं," म्हणाली आणि ताट घेऊन उठली. पोर समजूतदार आहे. मुद्दा पटला की गप्प बसते. मीनाला मात्र भाजीत मीठ किती टाकलंय याचंही आज भान नव्हतं.

२९ जानेवारी, बुधवार

नवनाथचा फोन. "नाय म्हणून सांगितलं त्यांना, दाजी. तुमचा शब्द शेवटचा. तो इंजिनेर लय समजावत व्हता, म्या म्हटलं, आमच्या घरच्या जावयाच्या पुढं तुझा कागद काय चाटायचाय?"

मी म्हटलं, बरं केलंस.

इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं. थोडं भांडला असता, चार प्रश्न विचारले असते, तर जिंकल्यासारखं तरी वाटलं असतं. या लोकांशी जिंकण्यातही काही राम नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

घरात सुतक असल्यासारखं आहे. मीना भांडी आपटते. विचारलं तर म्हणते, "काही नाही." सृष्टीचं ते जाडजूड पुस्तक रद्दीत दिसलं. कादंबरी आवडली नसावी.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहावं की नाही, तेच कळत नाही.

सकाळी सृष्टी बॅग भरत होती. मुंबईला विमानतळावर काउंटरची नोकरी मिळतेय, बोर्डिंग पास द्यायची. मी म्हणालो, "चला, उशिरा का होईना, अक्कल आली. पाय जमिनीवर आले."

मीनाने हातातली कपड्यांची चळत खाली टाकली.

"तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत मला असं कधी बोलली नव्हती. "ते विमान कुणासाठी होतं, माहितीये? नवनाथला उडायचं होतं? त्याला एसटीतसुद्धा उलटी होते! त्याने चार्टरवाल्यांना अट घातली होती, विमान माझं, पण माझ्या भाचीला को-पायलट म्हणून घ्यायचं, तिचे ते टर्बाइनचे तास भरायला. ती दिल्लीला लग्नाला गेली नव्हती, ह्याच विमानाच्या ट्रेनिंगला गेली होती. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही सासरवाडीचं म्हणून लाथाडलं असतं. म्हणून विमानाच्या पूजेच्या दिवशी सांगणार होतो."

मी रद्दीतून पुस्तक काढलं. ब्राउन पेपर फाडला. त्याच विमानाचं मॅन्युअल. समासात पेन्सिलीने बारीक बारीक खुणा, सगळी पानं भरलेली.

सृष्टीला विचारलं, "तुला माहीत होतं की डाग वरवरचा आहे?"

"हो."

"मग मामाला सांगितलं का नाहीस?"

"त्याने विचारलं होतं. पप्पा म्हणतात ते बरोबर आहे का गं, म्हणून." ती बॅगेची चेन लावत होती. "मी हो म्हणाले. नाहीतर काय सांगणार होते, पप्पा? माझा बाप खोटं बोलतोय?"

मला लाज वाटली. शब्द साधा आहे, पण मी तो स्वतःबद्दल आजवर वापरलेला नव्हता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अश्विनला फोन केला. विमान अजून ओझरलाच आहे, इंदूरची पार्टी दोन दिवसांत पैसे घेऊन येणार. नवनाथ हो म्हणाला तर अजूनही त्याचंच, असं म्हणाला.

एसटीने चांदवड गाठलं. नवनाथ खळ्यावर होता, कांद्याची निवड चाललेली. मला बघून धावत आला, खुर्ची पुसून दिली.

"नवनाथ, ते विमान घे."

"काय म्हणता, दाजी?"

"गंज काहीच नव्हता. नखाएवढा डाग. मी वाढवून सांगितलं."

"का बरं?"

"तू मला मेकॅनिक म्हणालास."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने दोन्ही कान पकडले. "आईशप्पथ, दाजी, आमच्याकडं मेकॅनिकला लय मान. रात्री दोनला ट्रॅक्टर बंद पडला की देवाआधी मेकॅनिकला हाक मारतो आम्ही. मला काय ठावं, त्याच्यावर बी काही असतं? चुकलं माझं." आणि चार बायाबापड्यांसमोर तो माझ्या पाया पडला. मी माफी मागायला गेलो होतो आणि त्यानेच मागून टाकली.

"ते सोड. घेतोयस ना?"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "दाजी, तुम्हाला ताईनं सांगितलंय. पोरीसाठी तुमचा जीव तुटतोय, म्हणून आता असं म्हणताय. तुम्ही एका शब्दापायी खोटं बोलणारे नाय."

"अरे, बोललो ना! सांगतोय काय मग?"

"तुम्ही जलमभर खोट सोडली नाय कुणाची. मला म्हाईत नाय व्हय? त्या गंजलेल्या विमानात भाचीला बसवू? उद्या काही झालं तर ताईला काय तोंड दाखवू?"

मी समजावलं. जाडी किती, मर्यादा किती, सगळं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो ऐकत होता, कारण मी बोलत होतो. शेवटी म्हणाला,

"बरं. मग पहिल्या फेरीला तुम्ही बसाल? पोरीसंगं?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. पण मला वर, ढगात, पायाखाली काही नसताना, तो एकटा पंखा फिरताना दिसला. एक इंजिन. कुठला नट कुठे ढिला होऊ शकतो, कुठल्या पात्याला कुठून चीर जाते, ते सगळं मला पाठ आहे. विमान चांगलं होतं. भित्रा मीच होतो. हलवाई नि जिलेबी काही नाही, मी जन्मभर भ्यायलो होतो.

"बसेन की," मी म्हणालो. पण उशिरा. नवनाथने बैलांच्या बाजारात आयुष्य घातलंय. विकणारा कुठे अडखळतो, ते त्याला बरोबर दिसतं.

"चहा सांगतो," तो हळूच म्हणाला. "बशीत घ्याल ना? गरम असतो आमच्याकडं."

९ फेब्रुवारी, रविवार

विमान इंदूरला गेलं. मी ओझरला गेलो होतो, का ते माहीत नाही. अश्विन दिसला. त्याने खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. दोरा कापलेला होता.

"तुमची आहे, अंकल. विमान क्लीन होतं. तुम्हालाही माहीत होतं ना?"

टोकदार बुटाच्या या पोराला मी दोनदा बघितलं असेल. त्याला मी कोण ते बरोबर कळलं होतं. माझ्या माणसांना अजून कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सृष्टी मुंबईला गेली. निघताना नमस्कार केला. मी म्हणालो, "तुझ्या मामाला एकदा सांग ना, डाग वरवरचा होता म्हणून. तुझं ऐकेल."

"नाही ऐकणार. मीच हो म्हणाले होते ना," ती म्हणाली. "आणि आता सांगून काय होणारे?" रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सकाळी नवनाथ दारात. जुना टेम्पो घ्यायचाय, सिन्नरला एकाकडे आहे, "तुमच्याशिवाय कोणाचा भरवसा नाय, दाजी, चला."

नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. मीना स्वयंपाकघरातून म्हणाली, "जा की. विचारतोय तर." तिच्या आवाजात काय होतं, ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

सिन्नरला टेम्पोवाला आणि त्याची दोन-चार माणसं उभी होती. नवनाथने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग जपून काढून घेतला, आणि पाठ केलेलं म्हणावं तसं एकेक अक्षर नीट म्हणाला,

"हे आमचे दाजी. विमानाच्या कारखान्यात सीनियर इन्स्पेक्टर व्हते. यांच्या सहीबिगर विमान हलत नव्हतं."

टेम्पोवाल्याने घाईघाईने स्वतःची खुर्ची पुढे केली.

"नाही हो," मी म्हणालो. "मेकॅनिक होतो. साधा मेकॅनिक."

नवनाथ टेम्पोवाल्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघितलं?" तो म्हणाला. "मोठी माणसं अशी असत्यात."

मग सगळे बाजूला सरले आणि माझ्या शब्दाची वाट बघत उभे राहिले.